पुठ्ठ्यावरचा कागद

सोमवार, ३

आजपासून मुलगी परत कामावर रुजू झाली आणि मी नातीवर. नात पाच महिन्यांची, मी एकोणसत्तर वर्षांचा. दोघांनाही चावता येत नाही आणि दोघांनाही दुपारी झोप लागते, तेव्हा जमेल, असं मुलीचं म्हणणं. जावई लांबच्या कामावर असतो, दोन महिन्यांनी चार दिवस येतो. मुलीची आई, म्हणजे माझी बायको, जाऊन दोन वर्षं झाली. मी माझं घर बंद करून एक ट्रंक आणि माझा लहान दाब घेऊन इथे राहायला आलो. पुस्तक बांधून झालं की दोन फळ्यांमध्ये आवळून ठेवायचं लाकडी यंत्र म्हणजे दाब. दुकान विकलं, पण तो विकवला नाही. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी कामाच्या वहीत आज काय बांधलं ते लिहीत होतो. आता बांधायला फारसं नसतं, म्हणून हे.

सकाळी निघताना मुलीने फ्रिजच्या दारावर एक कागद लावला. दुधाच्या वेळा, दूध किती कोमट, ढेकर कशी काढायची, झोपवताना कुठलं दुपटं. एकाच चिकटपट्टीवर लोंबकळत होता, दार उघडलं की फडफडायचा. असला कागद आठवड्यात फाटतो. नात झोपल्यावर मी मैद्याची खळ शिजवून पुठ्ठ्यावर पसरली, कागद वर चिकटवला, कडा कापल्या आणि तासभर दाबात ठेवला. मुलगी घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या कचेरीतल्या एका बाजूने छापलेल्या रद्दीवर लिहिते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत असली रद्दी ढिगाने निघते. त्यामुळे मागच्या बाजूची काळजी नव्हती.

संध्याकाळी तिने पुठ्ठा पाहिला आणि हसायला लागली. "बाबा, हा आता तुमच्या-माझ्यानंतरही टिकेल. पण वाचलंत ना सगळं?"

"तोंडपाठ आहे," मी म्हणालो. आणि दुधाच्या वेळा म्हणून दाखवल्या.

"बरं, मग महिनाभर बघू. जड गेलं तर सांगा हं. कोपऱ्यावर पाळणाघर आहेच."

ती सहज म्हणाली. मला मात्र ते पाळणाघर जेवताना घशात अडकलं. इथे येण्याआधी मी दोन वर्षं कुणाशी बोलायचं म्हणून दुधवाल्याला दारात थांबवायचो. ते दिवस मला परत नको आहेत.

शनिवार, ८

आठवडा पार पडला. दूध सांडलं दोनदा, लंगोट उलटा बांधला एकदा. आंघोळ मुलगीच सकाळी घालून जाते, त्यामुळे अवघड विषय माझ्याकडे नाही. नातीला ती 'बटण' म्हणते. नाक बसकं आहे म्हणून असावं. आमच्या घराण्यात कुणाचं नाक असं नाही, जावयाकडून आलं असेल.

जुन्या ओळखीने शाळेचा ग्रंथपाल अकरा फाटके शब्दकोश टाकून गेला. "घाई नाही, आजोबा," म्हणाला. मला घाई आहे. हात शिवशिवतात.

मंगळवार, ११

आज जे झालं ते लिहितो, कारण कुणाला सांगणार नाही.

कचेरीत तपासणी आहे म्हणून मुलगी कालपासून सातलाच निघते, आंघोळ माझ्याकडे आली. काल मी घाबरून नुसतं अंग पुसून काढलं, झबलंसुद्धा पुरतं काढलं नाही. आज अकराला नात झोपली आणि मी शब्दकोशाच्या पाठीला, म्हणजे शिवणीकडच्या कडेला, कापड चढवायचं म्हणून खळ लावायला घेतली. निम्मी पाठ झाली आणि ती उठली. आधी कुरकुर, मग रडणं. खळ लावलेली पाठ अर्धवट सोडली तर कापड सुरकुततं, परत सगळं खरवडून काढावं लागतं. म्हटलं, पाच मिनिटं. पाचाची पंधरा झाली. मी 'आलो, आलो' म्हणत होतो आणि जात नव्हतो.

गेलो तेव्हा ती लालबुंद होऊन थरथरत होती. उचललं, झबलं घामाने भिजलं होतं म्हणून काढलं. आणि बेंबी पाहिली. बेंबीच्या जागी सुपारीएवढा फुगवटा होता. रडण्याच्या प्रत्येक हुंदक्याबरोबर तो ताणून वर येत होता. रडून रडून तिच्या पोटातलं काहीतरी बाहेर आलं होतं.

गप्प झाल्यावर तो मऊ पडला. बोटाने हळूच दाबला तर गुडगुड आवाज करून आत गेला. बोट काढलं, परत आला.

शब्दकोशाची पाठ मात्र सरळ बसली आहे. एक सुरकुती नाही. ते बघवत नाही.

बुधवार, १२

संध्याकाळी मुलीने बटणचे कपडे बदलले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिने झबलं वर केलं, पोटावर नाक घासलं, "बटण, बटण" केलं, दुसरं झबलं चढवलं. काहीच बोलली नाही. थकलेली असते बिचारी, आठ तास कागद तपासून डोळ्यांत काही शिल्लक राहत नाही. आईच्या लक्षात येऊ नये इतकी ती दमते, आणि तिच्या त्या दमण्याचा मी फायदा घेतोय.

सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी कचेरीत निवांत असते." मग मी पाणी प्यायलो.

गुरुवार, १३

खालच्या मजल्यावर इस्त्रीचं दुकान आहे. तिथल्या मावशी माझ्याच वयाच्या, तोंडाने फटकळ पण मनाने चांगल्या. बटणला कडेवर घेऊन गेलो आणि आडून आडून विचारलं. एखाद्या बाळाची बेंबी वर आली तर?

"एखाद्या कशाला, हिचीच आली असेल," मावशी म्हणाल्या आणि इस्त्री बाजूला ठेवली. "बघू. अगंबाई. रडवलंत वाटतं हिला?"

मी मान खाली घातली.

"आमच्या धाकट्याला असंच होतं. नाणं घ्यायचं, फडक्यात गुंडाळायचं, बेंबीवर ठेवून वरून पट्टा बांधायचा. वर्षभरात सपाट. आज दोन पोरांचा बाप आहे तो."

"डॉक्टर?"

"डॉक्टर काय करणार? कापा म्हणतील."

कापा म्हटल्यावर मी बटणला घेऊन तसाच जिन्याकडे वळलो. वर येईपर्यंत मनाशी ठरलं होतं. आणि खरं सांगायचं तर थोडा जीवही आला. फुगलेलं दाबून सपाट करणं एवढं एकच काम मला जन्मभर येत आलं आहे. ओल आलेली, फुगलेली, वेडीवाकडी पानं लोक माझ्याकडे आणायचे. आवळून ठेवायचं आणि धीर धरायचा. न बसलेलं पुस्तक मला आठवत नाही.

शुक्रवार, १४

नाणं गार लागतं आणि कडेने टोचतं. म्हणून पातळ पुठ्ठ्याच्या तीन चकत्या कापल्या, एकावर एक चिकटवल्या, कडा घासून गोल केल्या, वर शब्दकोशाचं उरलेलं निळं कापड चढवलं. पट्ट्याला मऊ जुन्या चादरीची पट्टी, मागे दोन नाड्या. काम देखणं झालं. मुलगी गेली की बांधायचा, सहा वाजायच्या आत सोडायचा. पहिल्यांदा बांधला तेव्हा बटण माझ्याकडे बघून हसली. गुन्ह्याच्या वेळी समोरच्याने हसू नये.

रविवार, १६

दोन दिवस मुलगी घरी. पट्टा ट्रंकेत, कामाच्या वह्यांखाली. बटण रडली की फुगवटा वर येतो आणि मी तिला उचलून फेऱ्या मारतो. "बाबा, जरा रडू द्या की, किती लाडावताय," मुलगी म्हणाली. तिला काय कल्पना. मी तिच्या हातून बटणला जवळजवळ ओढून घेतलं. ती चमकून बघत राहिली.

मंगळवार, १८

फुगवटा तेवढाच आहे. म्हटलं, आवळणं कमी पडतंय. नाड्या एक बोट पुढे बांधल्या.

संध्याकाळी पट्टा सोडला तर बेंबीभोवती गोल लाल चट्टा, एके ठिकाणी कातडी ओलसर. खोबरेल तेल लावलं. मुलीने झबलं बदलताना पाहिलंच.

"हे लाल कशाने झालं?"

"लंगोटाची कड लागली असेल," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की मलाच नवल वाटलं. चाळीस वर्षांत कुणाला कागद कमी वजनाचा दिला नाही, शिवणीचा टाका चुकवला नाही. आणि पोटच्या पोरीच्या तोंडावर एका दमात खोटं बोललो.

"मग जरा खाली बांधत जा," ती म्हणाली. माझ्यावर तिचा विश्वास आहे. विश्वासाचं ओझं फार वाईट.

गुरुवार, २०

आज अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी आठला पट्टा बांधला. अकराला दूध पाजलं. अर्ध्या तासाने तिने ते सगळं ओकून टाकलं. ढेकर नीट काढली नाही म्हणून असेल असं मी स्वतःला सांगितलं, तिला पुसलं, थोडं पाणी पाजलं. तेही बाहेर. मग ती रडायला लागली. ते नेहमीचं रडणं नव्हतं, उंच, एकसुरी, पाय पोटाशी घेऊन. मी पट्टा सोडला. चट्टा चिघळला होता. फुगवटा ताठ होता आणि दाबला तर आत जाईना. हात लावला की ती किंचाळत होती.

इथून पुढचं मला लिहायचं नव्हतं, पण लिहितो. साडेअकराला मला कळलं होतं की हे साधं नाही. मी घरातून निघालो एक वाजता. मधला दीड तास मी तिला खांद्यावर घेऊन खोलीत फिरत होतो आणि मनात म्हणत होतो, बसेल, बसेल. दोनदा मुलीचा नंबर लावला आणि पहिल्याच घंटेला तोडला. एकदा फ्रिजसमोर उभा राहून पुठ्ठ्यावरचा कागदही वाचला. दुधाच्या वेळांपलीकडे त्यात काही नव्हतं. दीड तास मी नातीचा विचार करत नव्हतो. पाळणाघराचा करत होतो. माझ्या बंद घराचा करत होतो.

एकला ती रडून रडून मलूल झाली तेव्हा मी घाबरलो. पट्टा खिशात कोंबला आणि चपला न घालता निघालो.

बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना तिसऱ्या चौकात आहे. मदतनीस बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि रांग मोडून थेट आत पाठवलं. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोट पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"इथे काय बांधलं होतं?"

मी खिशातून पट्टा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चकती उलटसुलट केली.

"कुणी केलं हे?"

"मी."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"आधी तिला फोन करा. मी तोवर बघते."

फोनवर मी एवढंच म्हणालो, "दवाखान्यात ये. माझ्यामुळे झालंय." पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

डॉक्टरीणबाईंनी बटण माझ्याच मांडीवर दिली. "शांत करा हिला. रडत असताना पोट ताठ असतं, काहीही आत जात नाही." मला गाणं येत नाही. मी शब्दकोशातले लक्षात राहिलेले शब्द हळूहळू म्हणत राहिलो. कधीतरी ती सैल पडली. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी फुगवटा धरला, अलगद, बराच वेळ. गुडगुड झाली आणि तो आत गेला. त्या एका आवाजासाठी मी त्यांचे पाय धरले असते.

"अडकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "अडकलं असतं तर आत्ता हिला मोठ्या रुग्णालयात, टेबलावर घेतलं असतं. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, त्याच्यावर तुम्ही पट्टा आवळला. उलटी होणारच. आणि खाली कातडी कुजायला लागली आहे, ते दुखतंय तिला."

"मी तिला रडू दिलं, म्हणून आली ना ही?" मी विचारलं. नऊ दिवस हेच विचारायचं होतं.

"रडल्याने होत नाही, आजोबा. नाळ पडते तिथली फट काही बाळांमध्ये लगेच मिटत नाही. रडलं की ती दिसते, एवढंच. बहुतेकांची चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटते. बेंबीवर काही बांधायचं नाही, या चट्ट्याला फक्त मलम."

"खालच्या मावशींच्या मुलाची नाण्याने गेली."

"नाणं न बांधताही गेली असती." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "घाबरायचं कधी, ते लक्षात ठेवा. घट्ट झाली, शांत असतानाही आत गेली नाही, लाल-काळी पडली, हात लावला की बाळ कळवळलं, उलट्या झाल्या, पोट फुगलं. यातलं काहीही दिसलं की त्याच घटकेला निघायचं. आज तुम्ही आलात ते बरोबर केलंत. कधीपासून असं होतं?"

खोटं तोंडाशी आलं होतं. गिळलं. "साडेअकरापासून."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मुलगी दारात उभी होती. तिने ते ऐकलं होतं.

तिने बटणला घेतलं, मलम लावलेला चट्टा पाहिला, टेबलावरची निळी चकती पाहिली. चकतीच्या कापडावरून बोट फिरवलं. अशाच निळ्या कापडाची तिची पहिलीची वही मी बांधली होती.

"घरात आधी कुणाला होती का अशी?" डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

मी "नाही" म्हणालो. त्याच वेळी मुलगी म्हणाली, "मला होती."

मी तिच्याकडे पाहिलं.

"चार वर्षांची होईपर्यंत होती, बाबा. आई म्हणायची की. बटण म्हणायची ती मला." आणि मग, इतक्या रागातही तिला थोडं हसू आलं. "म्हणायची, यांना सांगायची सोय नव्हती, लगेच दाबाखाली घातलं असतं."

डॉक्टरीणबाईही हसल्या. मीही हसलो, कारण हसायला हवं होतं.

बाहेर रस्त्यावर तिने विचारलं, "पण मी सगळं लिहिलं होतं ना कागदावर? मागच्या बाजूला. तुम्ही म्हणालात तोंडपाठ आहे."

मी थांबलो. ती पुढे चालत राहिली. मग मागे वळली, माझ्या पायांकडे पाहिलं आणि रिक्षाला हात केला.

शुक्रवार, २१

तिने रजा घेतली. घरात ताटांचे आवाज, नळाचे आवाज, माणसांचे नाहीत. मलम तीच लावते. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या."

दुपारी अचानक बोलली. "पट्टा बांधलात त्याचा राग नाही मला. घाबरलात, केलंत. पण मी विचारलं तेव्हा लंगोटाची कड म्हणालात. त्याचं काय करू?"

मी म्हणालो, "तू तिला पाळणाघरात घालशील म्हणून."

ती उठून आत गेली. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

पट्टा मी कापून टाकला. चांगला पुठ्ठा होता, कात्रीला सहज दबला नाही.

शनिवार, २२

बटण दूध पिते आहे. हसते आहे. चट्टा सुकायला लागला आहे.

मी बसल्या जागी हिशेब लावत होतो. मुलगी चार वर्षांची होईपर्यंत दुकान घरातच होतं, पुढच्या खोलीत. मध्ये एक दार. ती रडली की मी दाराकडे न बघता ओरडायचो, "अगं, गप्प कर तिला, टाका चुकतो." आणि ती गप्प व्हायची. मला वाटायचं, मुलगी शहाणी आहे. आंघोळ मी तिला एकदाही घातली नाही. तिचं पोट कधी उघडं पाहिलं असेन तर आठवत नाही. चार वर्षं एका भिंतीपलीकडे ती बेंबी वर येत होती, आत जात होती, आणि मी दुनियेच्या पुस्तकांच्या कडा सरळ करत होतो. नातीला पंधरा मिनिटं रडवलं म्हणून नऊ दिवस मी जळत होतो. मुलीच्या चार वर्षांचा मला कधी चटकासुद्धा लागला नाही.

खाली मावशींना भेटून आलो. सांगितलं त्यांना सगळं, पुन्हा कुणाला नाणं बांधायला सांगू नका म्हटलं. त्या इस्त्री फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "धाकट्यालाही चिघळलं होतं हो थोडं. ते कोण सांगतं?"

रविवार, २३

संध्याकाळी मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या मी सातला निघते. दूध फ्रिजमध्ये आहे. मलम दोनदा."

मी "हो" म्हणालो. आणखी काही म्हणालो असतो तर रडू फुटलं असतं.

"आणि बाबा, काही झालं तर मला फोन. पुरता वाजू द्यायचा."

तिला माझे ते दोन तुटलेले फोन दिसले होते.

सोमवार, २४

तीन दिवस मी फ्रिजकडे बघायचं टाळलं. आज बटणला आंघोळ घातली, उघड्या पोटावर हात ठेवून बेंबी फुगली आणि आत गेली ते नीट पाहिलं, मलम लावलं, झोपवलं. मग पुठ्ठा खाली काढला.

चिकटवलेला कागद काढायचा असेल तर घाई करून चालत नाही. कोमट पाण्यात फडकं भिजवायचं, पिळायचं, वर पसरायचं, थांबायचं. खळ मऊ झाली की एका कोपऱ्याखाली हाडाची पट्टी सरकवायची. मी दुसऱ्यांची शेकडो पानं अशी सोडवली आहेत, एकही फाडलं नाही. या कागदाला अर्धा तास लागला. रद्दी नव्हतीच ती. कोरा, नवा कागद होता. माझ्यासाठी तिने नवा कागद घेतला होता. मागची बाजू बघितल्याशिवाय पान चिकटवायचं नाही, हे मी हाताखालच्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवत आलो.

शाई थोडी पसरली आहे, पण वाचता येतं. तसंच उतरवून ठेवतो.

"बाबा, बटणची बेंबी रडताना वर येते. डॉक्टरांना दाखवली आहे, घाबरायचं कारण नाही, आपोआप जाईल. काही बांधू नका. घट्ट झाली, लाल झाली, आत गेली नाही किंवा उलट्या झाल्या तर मात्र लगेच दवाखाना, पत्ता खाली आहे. ती थोडी रडली तर रडू द्या, तुमचं काही चुकलं असं समजू नका. मला होती तेव्हा आई पंधरा दिवस कुणाला न सांगता रडत होती म्हणे. तिला वाटायचं तिनेच काहीतरी केलं. तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात, पण कामात होतात. तुम्ही असं एकट्याने काही मनात ठेवू नका. मला सांगा."

कागद खिडकीत वाळत ठेवला आहे. आठवा शब्दकोश टेबलावर उघडा आहे, पाठीला निम्मी खळ लावून झाली आहे.

आत बटण उठली. कुरकुर आहे, अजून रडणं नाही. उरलेली पाठ वाळून कडक होईल. होऊ दे, उद्या खरवडून काढीन.